बरणीतली पाचवी भुजा

बबिता आडे यांना आमच्या कॉलेजात सगळे संशयी म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं, आणि ते कोण कोण म्हणतं हेही माहीत होतं. पांढरकवड्याच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या परिचर आहेत. एकोणीस वर्षं झाली. मी शेजारच्या वनस्पतिशास्त्रात शिकवत असे. मधे एकच भिंत होती आणि त्या भिंतीला एक दार होतं, त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं आहे. त्यात माझंही वागणं काही फार चांगलं नव्हतं, ते पुढे येईलच.

संध्याकाळी सगळे निघाले की बाई कपाटांसमोरून एक फेरी मारत. साप, बेडूक, खेकडे, विंचू, गोगलगाई, नाना जीव स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले. प्रत्येक बरणीच्या लेबलवर त्यांनी पेन्सिलीने एक बारीक रेघ मारलेली असे. आतलं पाणी कुठवर आहे त्याची ती खूण. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली दिसलं की विचारपूस सुरू. "ही बरणी कोनं उघडली?" हा प्रश्न मुख्याध्यापकाने विचारावा तसा त्या विचारत, आणि समोर विभागप्रमुख असले तरी विचारत. सगळं एका वहीत लिहून ठेवत. वही कपाटात नाही, स्वतःच्या पिशवीत.

एकदा मी त्यांना म्हटलं, "बाई, एवढं कशाला? कोण चोरतंय तुमचे बेडूक?"

त्या म्हणाल्या, "सर, चोरी झाली तं पयले कोनाले इचारतीन? मलेच ना? मंग मी अगोदर लिहून नाई ठेवू?"

यामागे एक जुनी गोष्ट होती. ती त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितली. त्यांचा तांडा पांढरकवड्यापासून बारा किलोमीटरवर. वडील पूनमसिंग शेती करत, आई सोनीबाई अजून जुन्या वळणाचा आरशांचा आणि कवड्यांचा घागरा घालते. मुलगी हुशार म्हणून आठवीत यवतमाळच्या एका वसतिगृहात ठेवली. तिथे कुणा मुलीचं कानातलं हरवलं. खोलीत अकरा मुली होत्या, पण पेटी पहिली उघडली गेली ती बबिताची. आईने शिवलेले परकर, डबा, वह्या, सगळं फरशीवर ओतलं. कानातलं दोन दिवसांनी त्या मुलीच्याच टॉवेलमध्ये अडकलेलं सापडलं. पेटी उघडणाऱ्या वॉर्डनबाई पुन्हा त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. "पेटी म्याच भरली परत," बबिताबाई म्हणाल्या. "तवापासून मी कोनावर भरोसा ठेवत नाई अन् कोनी माह्यावर ठेवावा असंही मनत नाई. लिहून ठेवतो."

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये विभागात डॉ. समीक्षा वैद्य नावाच्या नव्या प्राध्यापिका आल्या. त्यांनी संशोधनासाठी जहाजावरून खोल समुद्रात एक सफर केली होती, आणि येताना विभागाला भेट म्हणून एक बरणी आणली होती. त्या बरणीचं सगळ्यांना फार अप्रूप वाटलं. आमच्या जिल्ह्यातून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब. आणि हा जीव तर समुद्राच्याही तळाचा, जवळजवळ दोन किलोमीटर खोल पाण्यातला, जिथे उजेड पोचतच नाही.

तो भंगुर तारा होता, तारामाशाच्या नात्यातला. मुलं ब्रिटल स्टार म्हणत. त्याचं शास्त्रीय नाव ऑफिओम्युझा लायमनी. मधे दहा रुपयांच्या नाण्याएवढी चपटी तबकडी आणि तिला फुटलेल्या पाच लांब, कडक, निमुळत्या भुजा. रंग स्पिरिटमुळे उतरून वाळलेल्या हाडासारखा झालेला. एका काचेच्या पट्टीवर तो पांढऱ्या दोऱ्याने बांधून बरणीत उभा सोडला होता. पुढून पाठ दिसे, मागून पोट. बरणीला लेबल होतं: 'संपूर्ण नमुना, पाच भुजा.' ते समीक्षा मॅडमच्या अक्षरात होतं.

बबिताबाईंनी बरणी ताब्यात घेतली, रेघ मारली, झाकणावर आधीच लावलेल्या कागदी पट्टीवरून लेबलपर्यंत पेन्सिलीची आणखी एक खूण ओढली, वहीत लिहिलं.

विभागात अमर आत्राम नावाचा तासिका तत्त्वावरचा शिक्षक होता. झरी जामणीकडच्या एका लहानशा गावातला, त्याच्या गावातून एम.एस्सी. झालेला पहिलाच. शिकवायचा फार मन लावून. जानेवारीतल्या एका शनिवारी त्याने ती बरणी वर्गात नेली. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं, आणि बबिताबाई तिकडे बेसिनपाशी काचपट्ट्या धूत होत्या.

"याले डोळे नाई, डोकं नाई," अमर सांगत होता. "मेंदू तं नाईच. तोंडाभोवती मज्जातंतूचं एक कडं, त्यातून एकेक दोरी एकेका भुजेत. बस. आता पोट पाहा. हे मधातलं चांदणीसारखं भोक म्हणजे तोंड. पाच जबडे चहूबाजूंनी येऊन मिळतात. याले गुदद्वार नाई. जे खाल्लं त्याचा चोथा त्याच तोंडातून बाहेर."

मुलं हसली. एकीने ईऽऽ केलं.

"हसू नका. भुजेच्या बुडाशी दोन बाजूंनी फटी दिसतात? त्यातून पाणी आत घेऊन हा श्वास घेतो. आता भुजा. बाहेरून फरशा बसवल्यावानी तकटं अन् आत एकामागं एक हाडं, आपल्या पाठीच्या मणक्यांवानी. म्हणून ते वळते. पण जास्ती जोर लागला तं हा सोताच सांध्यातून तोडून टाकतो. तुटली तं तुटली, पुन्हा उगवते." मग त्याने एका भुजेवर काचेवरूनच पेन टेकवलं. "आता या जातीची खास खूण. बाकीच्या बहुतेक भंगुर ताऱ्यांत प्रत्येक सांध्याले खालून दोन बारीक भोकं असतात. त्यातून पायासारख्या नळ्या बाहेर येतात. याले मात्र बुडाकडच्या दोन सांध्यांनाच भोकं. पुढं पूर्ण बंद."

शनिवारी दुपारी बरणी परत कपाटात गेली. सोमवारी सकाळी बाईंनी कपाट उघडलं तर पाचवी भुजा तळाशी पडलेली होती.

त्यांनी हात लावला नाही. आधी वही काढली, पाण्याची पातळी पाहिली, झाकणावरची कागदी पट्टी पाहिली. पातळी रेघेवर होती, पट्टी जागच्या जागी. मग विभागप्रमुख बबनराव गावंडे यांना बोलावून आणलं.

गावंडे सरांचा चेहरा उतरला. नऊ दिवसांनी तपासणी समिती येणार होती आणि ही बरणी दारासमोरच मांडायची असं ठरलेलं. "झाडताना धक्का लागला असन तुमचा," ते म्हणाले.

"शनवारपासून म्या कपाट उघडलंच नाई, सर. वहीत हाये."

"वही तं तुमचीच हाये ना, बाई!"

तेवढ्यात समीक्षा मॅडम आल्या. बरणी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांचा आवाज शांत होता. "हे आपोआप होत नाही. बरणी कोणीतरी जोरात हलवली आहे."

'कोणीतरी' म्हणताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. गावंडे सरांनी मात्र पाहिलं. दारात उभ्या असलेल्या माझ्याही मनात आलं की बाईंकडून पडली असेल आणि आता त्या कबूल करत नाहीत. काही वर्षांपूर्वी नागाची बरणी त्यांच्याकडून फुटली होती, ते मला आठवलं. ती फुटली त्याच दिवशी त्यांनी स्वतः सांगितलं होतं, हे मात्र आठवलं नाही.

मंगळवारी त्यांना लेखी खुलासा द्यायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांवर नजर ठेवली. झाडूवाल्यावर, गावंडे सरांवर, माझ्यावरसुद्धा. मी दारातून आत डोकावलो तर म्हणाल्या, "काही पाह्यजे का, सर?" आणि मी जाईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

त्यांचा संशय हळूहळू अमरवर येऊन थांबला. बरणी शेवटी हाताळली ती त्याने. भुजा तुटते हे त्याला माहीत. शनिवारी तास संपल्यावर तो अर्धा तास एकटाच प्रयोगशाळेत होता. आणि सोमवारपासून तो त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता. (नंतर तो मला म्हणाला, "त्या सारख्या पाहून राह्यलत्या सर, मी कुठं पाहू?")

बुधवारी दुपारी अमर तासाला गेला तेव्हा त्याची बॅग टेबलाखाली होती. बबिताबाईंनी दार लोटलं आणि ती उघडली. जेवणाचा डबा, दोन पुस्तकं, एक भिंग, आईचं औषध असलेली पिशवी. खाली एक चिमटा, विभागाचा, त्यावर विभागाचा क्रमांक कोरलेला. आणि कागदी चिकटपट्टीचं एक बंडल. बरणीच्या झाकणावर होती तसलीच पट्टी.

त्या सरळ गावंडे सरांकडे गेल्या. अमरने बरणी उघडली, चिमट्याने ओढताना भुजा तुटली आणि नवी पट्टी लावून टाकली, असं त्यांनी सांगितलं. गावंडे सरांनी अमरला बोलावलं. चिमटा किड्यांच्या पेट्या लावायला नेला होता, पट्टीही त्याच कामाची, असं तो म्हणाला. गावंडे सर म्हणाले, "समिती जाईपर्यंत तुम्ही प्रॅक्टिकल घेऊ नका." तो बॅग उचलून गेला.

गुरुवारी मी बाईंना विचारलं, "सुटलात ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या. पण तोंडावर सुटल्याचं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने मधल्या दारातून माझ्याकडे आल्या. "सर, त्याच्या बॅगेत माय्‌च्या गोळ्या होत्या. म्या त्या बी उचलून पाह्यल्या."

मी त्यांच्याकडे स्टूल सरकवलं.

"पट्टी तीच हाये, हे म्या नुसतं मनलं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "जुळवून कुठं पाह्यली?"

बाईंनी मग बरणीवरची पट्टी बॅगेतल्यासारख्या पट्टीशी जुळवली. दुकानात तसली एकच पट्टी मिळते. पण बरणीवरची पट्टी कडेला पिवळी पडली होती, आणि तिच्यावरून लेबलवर जाणारी त्यांची स्वतःची पेन्सिलीची जूनमधली खूण एका रेषेत होती. पट्टी बदललेली नव्हती. बरणी जूनपासून कोणी उघडलीच नव्हती.

म्हणजे अमर नव्हता. आता त्यांनी ज्याच्यावर कोणीच संशय घेतला नव्हता त्याच्याकडे पाहिलं. त्या जीवाकडे.

शुक्रवारी तीन वाजता त्या बरणी घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आल्या. "तुमी साक्षीले बसा," म्हणाल्या. "तुमच्यावर भरोसा हाये मनून नाई. तिकडच्या कोनावरच नाई मनून."

त्यांनी बरणी भिंगासमोर धरली, पोटाकडची बाजू माझ्याकडे करून. "बांधलेल्या चार हातांची भोकं मोजा."

मी मोजली. प्रत्येक भुजेला बुडाशी दोन सांध्यांना भोकं. पुढे सपाट, बंद, शहाबादी फरशीसारखं.

"आता खाली पडलेला."

तळाशी पडलेली भुजा नेमकी उताणी होती. तिला प्रत्येक सांध्याला भोकं होती, टोकापर्यंत. दाभणाने टोचावीत तशी दोन ओळींत. कडेचे काटेही जरा लांब होते. एकदा दिसल्यावर पुन्हा न दिसणं शक्य नव्हतं.

"हा हात याचा नाईच," बाई म्हणाल्या.

वनस्पतीच्या माणसाला प्राण्यांतलं काय कळणार, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. पण मलाही हे कळलं. मी विचारलं, "मग याचा कुठे आहे?"

त्यासाठी बरणी उघडावी लागणार होती. त्यांनी पट्टी कापली, किती वाजता कापली ते वहीत लिहिलं, माझी सही घेतली. काचेची पट्टी बाहेर काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पाचव्या भुजेच्या जागी मला वाटलं होतं तशी ताजी तुटकी कड नव्हती. ती जागा भरून आली होती. आणि मधोमध एक कोंब होता. तांदळाच्या कणीएवढा, पण त्याला बारीक बारीक सांधे पडलेले, टोक निमुळतं. अगदी चिमुकली भुजा.

मी उठून बाईंना बसायला लावलं. त्यांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

"जिता असताना तुटला व्हता," त्या म्हणाल्या. "अंधारात कोनंतरी धरलं असन याले. यानं हात देऊन जीव सोडवला. मंग नवा उगवू राह्यलता. अन् तवाच जाळ्यात आला."

मग त्यांनी चिमट्याने तळाची भुजा उचलली. तिच्या तुटक्या टोकाला पारदर्शक, लिबलिबीत पापुद्रा चिकटला होता. बाईंनी तो ओळखला. इतकी वर्षं त्या लेबलं चिकटवत होत्या. "पांढरा डिंक हाये. स्पिरिटात भिजून भिजून सुटला." पापुद्र्यात एक बारीक खळगा होता, बरोबर त्या कोंबाच्या मापाचा.

बरणी आली तेव्हा बंद होती. लेबल कोणाच्या अक्षरात होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "गावंडे सरांकडे जाऊ."

"नाई. पयले त्यायच्याकडं. मी अमरसरांच्या पाठीमागं गेलती. आता समोर जातो."

समीक्षा मॅडम आपल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होत्या. बाईंनी काचेची पट्टी टेबलावर ठेवली. मी दारातच थांबलो.

"तुम्हाला बरणी उघडायला कोणी सांगितलं?" मॅडम ताडकन म्हणाल्या.

"कोनंच नाई. हा पाचवा हात दुसऱ्या कोनाचा हाये, मॅडम. भोकं पाहा. अन् डिंक पाहा."

मॅडमनी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "जहाजावर एका जाळ्यात शंभर जीव येतात. तुटलेल्या भुजांचा नुसता खच असतो. मला शिकवण्यासाठी म्हणून हा एक दिला, तो चारच भुजांचा. मी इथे रुजू होताना सरांना म्हणाले होते की संपूर्ण नमुना आणते. ट्रेमध्ये दुसरी एक भुजा होती. दिसायला सारखी. कोणाला कळणार होतं?"

"सोमवारी तुमी 'कोनीतरी' मनलं."

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"घ्यायची गरज पडत नाई, मॅडम," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "'कोनीतरी' मनलं की आमच्याकडंच पायतात. मंग म्या बी एक कोनीतरी शोधला."

मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "समिती जाऊ दे. मग मी स्वतः सांगेन. आता सांगितलं तर माझं..."

"अमरसरचे प्रॅक्टिकल बंद हायेत. ते समिती जायची वाट पायतीन? तुमी सांगा. नाईतं मी सांगतो. मॅडमनं सांगतलं असं वहीत लिहायचं का बबितानं सांगतलं असं, तेवढं फक्त तुमच्या हातात हाये."

पंधरा मिनिटांनी समीक्षा मॅडम गावंडे सरांच्या खोलीत गेल्या. आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. दुसऱ्या दिवशी बरणीवर नवीन लेबल लागलं: 'चार पूर्ण भुजा, पाचवी पुनर्निर्मितीच्या अवस्थेत.' सुटी भुजा वेगळ्या लहान बाटलीत गेली, 'जात अज्ञात' अशी. गावंडे सरांनी बाईंचा लेखी खुलासा परत केला आणि म्हणाले, "हे लागत नाई आता." त्यावर त्यांनी माफी मागितली नाही आणि बाईंनीही ती मागायला लावली नाही. पण खुलाशाचा कागद बाईंनी फाडलाही नाही. वहीत चिकटवून ठेवला.

मी त्यांना सांगितलं की सोमवारी मलाही त्यांचाच संशय आला होता. त्या म्हणाल्या, "मालूम हाये, सर. तुमी दारात उभे व्हते ना."

रविवारी त्या झरी जामणीच्या गाडीत बसून अमरच्या गावी गेल्या. नवरा देवीलाल ट्रकवर होता, म्हणून आई सोनीबाईला बरोबर घेतलं. अमर अंगणात आईच्या पायाला तेल लावत बसला होता. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्ही जवळजवळ जुळतं, म्हणून लिहितो.

"म्या तुमची बॅग उघडली व्हती," बाई म्हणाल्या.

"मले मालूम हाये. गोळ्यांची पिशवी तुमी वर ठेवली. मी खाली ठेवतो."

"माही चूक झाली, सर."

अमरने तेलाची वाटी खाली ठेवली. "बाई, तुमी बॅग उघडली याचं दुःख कमी हाये. तुमाले चोर दिसायले पयले मीच काहून दिसलो, हे मले सांगा."

वसतिगृहातली पेटीची गोष्ट सांगावी असं बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण ती सांगितली तर आपण सूट मागतोय असं होईल, म्हणून सांगितली नाही, असं त्या म्हणाल्या. अमरच्या आईने चहा दिला. सोनीबाई आणि अमरची आई कापसावर बोलत बसल्या. तिघींनी चहा घेतला, अमरने घेतला नाही.

समिती आली, बरणीसमोर थांबली, पुढे गेली. एकाही सभासदाने कोंबाबद्दल विचारलं नाही. समीक्षा मॅडम पुढच्या जूनमध्ये नागपूरच्या कॉलेजात गेल्या. अमर अजून तिथेच आहे, तासिका तत्त्वावरच. प्रॅक्टिकल समिती येण्याआधीच पुन्हा त्याच्याकडे आलं होतं. बाईंशी कामापुरतं, नीट बोलतो. भंगुर ताऱ्याचा तास असला की बरणी त्यांच्याकडून मागून घेतो आणि परत देताना म्हणतो, "रेघ पाहून घ्या, बाई." त्यात टोमणा किती आणि काळजी किती, ते बाईंना अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी सहज कॉलेजात गेलो होतो. टेबलाखाली अमरची बॅग होती. तिच्या चेनला लहानसं पितळी कुलूप होतं. बबिताबाई त्या टेबलाभोवती झाडत होत्या. बॅग हलू नये म्हणून त्यांनी झाडू लांबून वळवून घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बसा ना सर, चहा सांगतो."